कार्ड कपाटात, पैसे परदेशात: परदेश प्रवासात एटीएम कार्डाची नक्कल कशी होते आणि ती कशी रोखावी

माझ्या थोरल्या वहिनी लेकीच्या बाळंतपणासाठी साडेतीन महिने ह्यूस्टनला राहून बडोद्यास परतल्या. त्यानंतर २२ दिवसांनी, पहाटे पावणेतीनच्या सुमारास, त्यांच्या मोबाइलवर एकापाठोपाठ चार संदेश आले. ज्या देशात त्यांनी कधी पाऊलही ठेवले नव्हते, तेथील एका एटीएममधून त्यांच्या बचत खात्यातले एकूण ६१,००० रुपये काढले गेले होते. सकाळी सहाला दूध घ्यायला उठल्यावर त्यांनी ते संदेश वाचले आणि आधी कपाट उघडले. कार्ड जागच्या जागी होते: स्टीलच्या डब्यात, पासबुकाच्या घडीत, वर जुन्या चष्म्याचे घर. मग मला फोन आला. "भावजी, कार्ड तर माझ्या हातात आहे, मग त्यांनी पैसे काढले कशाने?"

मी बँकेत नोकरी करून निवृत्त झालो असल्यामुळे बडोद्याच्या दांडिया बाजार आणि रावपुऱ्यातील ओळखीची मंडळी मुलांकडे कॅनडा-ऑस्ट्रेलियाला निघाली की कार्डाविषयी मला विचारतात. ज्या गावात सयाजीराव महाराजांनी १९०८ साली बँक काढली, त्या गावातली माणसे पैशाच्या बाबतीत भोळी नाहीत. तरीही "कार्ड आपल्याजवळ आहे म्हणजे पैसे सुरक्षित आहेत" हा समज चांगल्या हिशेबी माणसांच्याही डोक्यातून जात नाही. या चोरीत कार्ड चोरावे लागत नाही. चोराला दोनच गोष्टी हव्या असतात, कार्डाच्या पट्टीवरची एक ओळ आणि पिनचे चार आकडे, आणि या दोन गोष्टी हाती आल्यावरही तो लगेच पैसे काढीलच असे नाही. त्यामुळे एटीएमसमोरच्या दोन मिनिटांत आपण जितके सावध राहतो, तितकेच किंवा त्याहून अधिक महत्त्व निघण्यापूर्वी घरी बसून केलेल्या तयारीला आणि परत आल्यानंतरच्या आठवड्यांना आहे.

कार्डाच्या मागे जी काळी किंवा तपकिरी चुंबकीय पट्टी असते, तिच्यावर माहितीच्या समांतर रेषा असतात. पैसे काढण्याच्या कामी येणाऱ्या दुसऱ्या रेषेत जास्तीत जास्त ४० चिन्हे मावतात: कार्डाचा क्रमांक, मुदत संपण्याचा महिना, कार्ड कोठे व कसे चालावे हे सांगणारा एक सांकेतिक आकडा आणि बँकेला पडताळणीसाठी लागणारी थोडी गुप्त माहिती. ही ओळ कधीही बदलत नाही. पाठ केलेले उत्तर धडाधडा म्हणून दाखवणाऱ्या विद्यार्थ्यासारखी ती पट्टी प्रत्येक यंत्राला तेच ते सांगते, म्हणून ज्याने ते उत्तर एकदा ऐकले तोही ते तसेच्या तसे म्हणून दाखवू शकतो. कोऱ्या कार्डाच्या पट्टीवर ती ओळ उतरवली की नक्कल तयार होते. समोरची सोनेरी चिप मात्र उत्तर पाठ करीत नाही, ती दर वेळी नवे गणित सोडवते. प्रत्येक व्यवहारासाठी ती एक नवा, एकदाच चालणारा संकेत तयार करते, आणि तो कोणी टिपून ठेवला तरी पुढच्या व्यवहाराला त्याचा उपयोग होत नाही. कार्ड यंत्राला नुसते टेकवून पैसे देताना होणारी देवाणघेवाणही याच जातीची असते, म्हणून दुकानात टेकवणे हे घासण्यापेक्षा पुष्कळ सुरक्षित आहे. टेकवण्याच्या सोयीला आपली बुजुर्ग मंडळी उगीच भितात.

चिप इतकी भरवशाची असेल तर मग ही चोरी होतेच कशी, हा प्रश्न रास्त आहे. युरोपे, मास्टरकार्ड आणि व्हिसा या तीन संस्थांनी मिळून चिपच्या कार्डाचे तंत्र १९९० च्या दशकात ठरवले खरे, परंतु सगळे जग एकदम त्याच्याकडे वळले नाही. भारतात नुसत्या पट्टीची कार्डे बदलून चिपची कार्डे देण्यासाठी रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ डिसेंबर २०१८ पर्यंतची मुदत दिली होती. अमेरिकेत चिप न वापरणाऱ्या दुकानदारावर फसवणुकीचा भार टाकण्याची पद्धत १ ऑक्टोबर २०१५ पासून आली, आणि तेथील पेट्रोल पंपांना तर एप्रिल २०२१ पर्यंत सवलत मिळाली. या अनेक वर्षांच्या संक्रमणात चिपच्या कार्डांवरही जुन्या यंत्रांसाठी पट्टी ठेवली गेली आणि ती आजही आपल्या कार्डांवर आहे. मास्टरकार्डने २०२१ मध्ये जाहीर केलेल्या वेळापत्रकाप्रमाणे तिच्या कार्डांवरील पट्टी पूर्णपणे नाहीशी व्हायला २०३३ साल उजाडणार आहे. चोर या फटीचा फायदा घेतो. एका देशात पट्टी टिपली जाते, नक्कल दुसऱ्या देशात जाते आणि जेथे पट्टीवर अजूनही पैसे मिळतात अशा तिसऱ्याच ठिकाणच्या यंत्रात ती घातली जाते. पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये पडलेला दरोडा वाचकांना आठवत असेल. तेथे मूळ हल्ला बँकेच्या संगणकप्रणालीवर झाला होता, पण प्रत्यक्ष रोकड बाहेर काढली गेली ती नकली कार्डांनीच, आणि ती २८ देशांतील एटीएममधून, सुमारे ७८ कोटी रुपये.

ही पट्टी टिपणाऱ्या उपकरणाला स्किमर म्हणतात. त्याचा जुना प्रकार म्हणजे कार्ड घालण्याच्या खाचेवर बसवलेले, त्याच रंगाचे प्लास्टिकचे खोटे तोंड. ते बोटांनी हलवून पाहिले तर डुगडुगते, कधी रंगाची छटा वेगळी दिसते, कधी खाचेभोवतीचा दिवा अर्धा झाकलेला असतो. हे तपासण्याची सवय चांगली आहे, पण तिच्यावर विसंबू नये, कारण नव्या प्रकारातील पातळ स्किमर खाचेच्या आत बसतो आणि बाहेरून काहीच दिसत नाही. पट्टी टिपली जाणे आपल्या हातात नाही असेच समजून चालावे. पिन मात्र आपल्या हातात आहे, आणि हे अक्षरशः खरे आहे. पिन टिपण्यासाठी बहुतेक वेळा आकड्यांच्या फळीवर रोखलेला, टाचणीच्या टोकाएवढ्या छिद्रातून पाहणारा कॅमेरा वापरतात. तो यंत्राच्या वरच्या कडेत असतो, बाजूच्या माहितीपत्रकांच्या खोक्यात असतो, नाहीतर पडद्याच्या चौकटीत. उजव्या हाताने आकडे दाबताना डावा तळहात फळीवर छपरासारखा धरला, नुसता बाजूला आडवा नव्हे तर वरून झाकून, तर त्या कॅमेऱ्याला हाताची पाठ दिसते आणि टिपलेली पट्टी पिनवाचून एटीएममध्ये निकामी ठरते. याला एकच अपवाद ध्यानात ठेवावा. काही ठिकाणी खऱ्या फळीवर दुसरी खोटी फळी चिकटवलेली असते आणि ती दाबलेले आकडे स्वतःच नोंदवते. फळी जाड वाटली, आजूबाजूच्या पृष्ठभागापेक्षा वर आलेली दिसली किंवा आकडे दाबताना स्पंजासारखी लागली, तर पैसे न काढता तेथून निघावे.

वहिनींनी परदेशात त्या कार्डावर पैसे एकदाच काढले होते. सहलीत, रस्त्यावरच्या एका दुकानात, शीतपेयांच्या कपाटाशेजारी उभ्या असलेल्या सुट्या एटीएमवर. नातवाला कडेवर घेतले होते, एकच हात मोकळा होता, म्हणून फळी झाकली नव्हती. नक्कल तेथेच झाली असणार.

यंत्र निवडणे ही म्हणूनच अर्धी सावधगिरी आहे. बँकेच्या शाखेच्या आत किंवा शाखेच्या भिंतीत बसवलेल्या यंत्रावर, शाखा उघडी असताना पैसे काढावेत. तेथे कर्मचाऱ्यांचा वावर असल्यामुळे उपकरण बसवणे कठीण जाते आणि कार्ड अडकले तर आत जाऊन बोलता येते. दुकानाचा कोपरा, पर्यटकांच्या बाजारातील टपरी, मद्यालयाचे दार, रस्त्यावरचे एकटे यंत्र ही ठिकाणे टाळावीत. मेक्सिकोतील कान्कून आणि इंडोनेशियातील बाली येथे अशा यंत्रांवरच्या टोळ्यांची प्रकरणे उघडकीस आली आहेत, आणि दोन्ही जागा पर्यटनाच्या आहेत हा योगायोग नव्हे. चार दिवसांत आपल्या देशी निघून जाणारा, तेथील भाषा न जाणणारा, पोलिसांत जायला वेळ नसलेला माणूस चोराच्या सोयीचा असतो.

येथे एका अफवेचा निकाल लावून टाकतो, कारण दर दिवाळीत ती कोणी ना कोणी मला पाठवतोच. कार्ड घालण्यापूर्वी रद्द करण्याचे बटण दोनदा दाबले की पिन चोरला जात नाही, असे तिच्यात म्हटलेले असते आणि वर रिझर्व्ह बँकेचे नावही लावलेले असते. पिन उलटा दाबला की पोलीस येतात, ही तिचीच बहीण. दोन्हींत तथ्य नाही. कॅमेऱ्याला आणि चिकटवलेल्या फळीला त्या बटणाशी काही देणेघेणे नसते.

आता निघण्यापूर्वीची तयारी. रिझर्व्ह बँकेच्या जानेवारी २०२० च्या आदेशामुळे कार्ड नव्याने दिले जाते तेव्हा ते फक्त देशातील एटीएम आणि दुकानातील यंत्रांवर चालते, परदेशातील वापर ग्राहकाने स्वतः सुरू करावा लागतो, आणि तो सुरू-बंद करण्याची व रकमेची मर्यादा ठरवण्याची सोय बँकेने चोवीस तास दिली पाहिजे. लोक निघताना हा वापर सुरू करतात आणि मग तो वर्षानुवर्षे तसाच राहतो. वहिनींचेही तेच झाले. वास्तविक बँकेच्या ॲपमधले ते बटण घराच्या कुलपासारखे वापरायचे असते. एटीएमजवळ जाताना उघडावे आणि पैसे खिशात पडले की तेथेच उभे राहून लावावे. हे बंद असताना चोराजवळ पट्टी आणि पिन दोन्ही असले तरी त्याची नक्कल परदेशातील यंत्रात चालत नाही. रोजची मर्यादाही एका वेळेच्या गरजेपुरतीच ठेवावी, कारण नाहीतर बँकेने आखलेली मोठी मर्यादाच तुमची मर्यादा ठरते.

दुसरी तयारी खात्याची. ज्या खात्यात निवृत्तिवेतन आणि मुदत ठेवींचे व्याज जमा होते त्या मुख्य खात्याचे डेबिट कार्ड परदेशी नेऊच नये. एक वेगळे बचत खाते ठेवून त्यात लागेल तेवढेच पैसे वळवावेत, किंवा परकीय चलन आधी भरून घेतलेले प्रवासी कार्ड घ्यावे. त्याची नक्कल झाली तरी नुकसान भरलेल्या रकमेपुरतेच राहते. दुकानात देण्यासाठी क्रेडिट कार्ड बरे, कारण वाद निर्माण झाला तर अडकतात ते बँकेचे पैसे, आपल्या खात्यातील शिल्लक लगेच घटत नाही. दोन कार्डे असतील तर एक पाकिटात आणि दुसरे सामानात ठेवावे.

तिसरी तयारी सिमची, आणि माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित तीच. बडोद्याहून गेलेली मंडळी विमानतळावर उतरताच भारतीय सिम काढतात, कागदाच्या पुडीत बांधून पासपोर्टच्या वेष्टणात ठेवतात आणि मुलाने दिलेले तेथील सिम घालतात. त्या क्षणापासून बँकेचे सगळे संदेश हवेत जातात. भारतीय क्रमांक दुसऱ्या खणात चालू ठेवावा, संदेशांपुरते रोमिंग निघण्यापूर्वी सुरू करून त्याचा दर मोबाइल कंपनीला विचारून घ्यावा आणि बँकेत ईमेलवरील सूचनाही सुरू कराव्यात. बँकेचा परदेशातून लागणारा क्रमांक कागदावर लिहून न्यावा. १८०० ने सुरू होणारे निःशुल्क क्रमांक परदेशातून सहसा लागत नाहीत. हा कागद कार्डाच्या पाकिटात नको, नाहीतर पाकिटाबरोबर तोही जाईल.

सगळी फसवणूक यंत्राने होते असेही नाही. एटीएममध्ये कार्ड अडकते, मागे उभा असलेला गृहस्थ आपुलकीने सांगतो की माझेही काल असेच झाले होते, पिन पुन्हा दाबा म्हणजे निघेल. खाचेत त्यानेच अडकवणारा सापळा बसवलेला असतो आणि आपण निघून गेल्यावर कार्ड त्याचे, पिनही त्याचा. अशा वेळी यंत्रासमोरून हलू नये, तेथूनच ॲपमध्ये कार्ड बंद करावे. पैसे खात्यातून गेले आणि यंत्रातून नोटा आल्या नाहीत तर नोटा अडवणारी पट्टी बसवलेली असण्याची शक्यता असते, तेव्हाही तेथूनच बँकेला कळवावे. युरोपातील पर्यटनस्थळी साध्या वेशातील माणूस पोलीस असल्याचे सांगून पाकीट आणि कार्ड तपासायला मागतो. खरा पोलीस पिन कधीच विचारत नाही, आणि शंका आली तर चौकीवर चला म्हणावे. हॉटेलच्या खोलीत रात्री स्वागतकक्षातून बोलतोय असे सांगून कार्डाचा क्रमांक पुन्हा मागणारा फोन आला तर तो ठेवून स्वतः खाली जावे.

उपाहारगृहात कार्ड वेटरच्या हाती देऊन ते नजरेआड जाऊ देण्याची पद्धत काही देशांत अजून आहे. पट्टीवरच्या ओळीत कार्डाच्या मागे छापलेला तीन आकड्यांचा सीव्हीव्ही नसतो, त्यामुळे नुसत्या स्किमरने टिपलेल्या माहितीवर इंटरनेटवरील खरेदी सहसा होत नाही. पण नजरेआड गेलेल्या कार्डाची दोन्ही बाजूंनी छायाचित्रे निघाली तर तेही शक्य होते, आणि परदेशी संकेतस्थळे अनेकदा ओटीपी न विचारता पैसे घेतात. सीव्हीव्ही पाठ करून त्यावर चिकटपट्टी लावावी, इंटरनेटवरील परदेशी खरेदीची सोय एटीएमच्या सोयीपासून वेगळी बंद करून ठेवावी आणि यंत्र टेबलाशी आणा असे निःसंकोच सांगावे.

एक गोष्ट गुन्ह्यात मोडत नाही, तरी खिसा तीही कापते. एटीएम किंवा दुकानातील यंत्र विचारते की रक्कम रुपयांत घ्यावी की स्थानिक चलनात. रुपये पाहून आपल्याला हायसे वाटते आणि आपण तेच निवडतो, पण मग विनिमयाचा दर त्या यंत्राचा मालक ठरवतो आणि तो बहुधा आपल्या बँकेपेक्षा महाग असतो. स्थानिक चलनच निवडावे.

एवढे करूनही पैसे गेले तर पुढचा हिशेब दिवसांचा आहे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने, आणि सहकारी बँकांसाठी १४ डिसेंबर २०१७ च्या, असे ठरवून दिले की चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही अशा प्रकारात, बँकेचा संदेश मिळाल्यापासून कामाच्या तीन दिवसांत कळवले तर ग्राहकावर काहीच भार पडत नाही. चौथ्या ते सातव्या दिवसात कळवले तर साध्या बचत खात्यावर जास्तीत जास्त १०,००० रुपये किंवा गेलेली रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती सोसावी लागते. त्यापुढे बँकेच्या संचालक मंडळाने मंजूर केलेले धोरण लागू होते, म्हणून आपल्या बँकेचे चालू धोरण निघण्यापूर्वी तिच्या संकेतस्थळावर वाचून घ्यावे. दिवस मोजताना संदेशाचा दिवस सोडायचा आणि कामाचे दिवस आपल्या मूळ शाखेच्या वेळापत्रकाने धरायचे. मेलबर्नमध्ये असलेल्या बडोदेकराला शुक्रवारी संदेश मिळाला आणि दुसरा दिवस महिन्याचा दुसरा शनिवार असला, तर त्याचे तीन दिवस म्हणजे सोमवार, मंगळवार आणि बुधवार, मग मेलबर्नच्या बँकांना सुट्टी असो वा नसो. अर्थात नियमाने दिवस मिळतात म्हणून थांबणे हा वेडेपणा आहे, कारण कार्ड बंद होईपर्यंत पैसे निघतच राहतात. पिन कार्डावर लिहिला असेल किंवा कोणाला सांगितला असेल, तर तो ग्राहकाचा निष्काळजीपणा ठरतो आणि कळवण्यापूर्वीचे सारे नुकसान त्याच्या माथी येते. मात्र चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेवर आहे.

संदेश पुडीतल्या सिमवर पडून राहिला तर हे घड्याळ आपल्याला न दिसता चालू लागते, म्हणून मी सिमविषयी इतके लांबण लावले.

तक्रार करताना तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नये, आणि तीच तक्रार लगेच ईमेलनेही पाठवावी, म्हणजे वेळ कागदावर राहते. कळवल्यापासून कामाच्या १० दिवसांत बँकेने वादातील रक्कम खात्यात तात्पुरती जमा करायची असते आणि ९० दिवसांत निकाल लावायचा असतो. ३० दिवसांत उत्तर मिळाले नाही किंवा उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही तक्रार नोंदवावी. भारतात असल्यास त्यासाठी १९३० हा क्रमांक आहे.

वहिनींनी सकाळी साडेसहाच्या आत कार्ड बंद करून तक्रार नोंदवली. दहा वाजता आम्ही शाखेत गेलो तेव्हा अधिकाऱ्याने पहिला प्रश्न असा विचारला की कार्ड तुमच्याजवळ होते याला पुरावा काय. वहिनींनी पर्समधून कार्ड काढून टेबलावर ठेवले आणि त्याशेजारी पासपोर्ट उघडला. त्यात २२ दिवसांपूर्वी भारतात परत आल्याचा अहमदाबाद विमानतळाचा शिक्का होता, आणि पैसे काढले गेले त्या देशाचा व्हिसा कोणत्याच पानावर नव्हता. अधिकाऱ्याने दोन्हींच्या छायाप्रती काढून अर्जाला जोडल्या. नवव्या कामाच्या दिवशी रक्कम तात्पुरती जमा झाली आणि अडीच महिन्यांनी ती कायम झाल्याचे पत्र आले. यंदा वहिनी पुन्हा ह्यूस्टनला गेल्या होत्या. परतल्यावर त्यांनी सामान उघडण्याआधी ॲपमधले परदेशाचे बटण बंद केले, दुसऱ्या दिवशी पिन बदलला, आणि आठवड्याभरात जुने कार्ड रद्द करून नव्यासाठी अर्ज दिला. जुने कार्ड चिपसकट कात्रीने चार तुकडे करून टाकताना पट्टीही कापली गेली आहे ना, हे त्यांनी मला दोनदा विचारले.